कफ साचू देऊ नका, पाय थांबवू नका

"डॉक्टरसाहेब, क्षयाची औषधे पूर्ण घेतली. थुंकी तपासली, जंतू नाहीत म्हणाले. मग रोज सकाळी अर्धी वाटी बेडका का पडतो? चालायला लागलो की खोकला येतो, म्हणून घरचे म्हणतात बसून राहा. बसून राहू का?"

हा प्रश्न मला दवाखान्यात दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतो. विचारणारा कधी चोपड्याकडचा शेतकरी असतो, कधी जिनिंगमध्ये काम केलेला मजूर, कधी आयुष्यभर चुलीपुढे बसलेली आजी. प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर थोडे लांब आहे. दुसऱ्या भागाचे मात्र एका वाक्यात देता येते : बसून राहू नका. कसे चालायचे, आणि चालण्याच्या जोडीला छातीतला कफ रोज कसा बाहेर काढायचा, हे आजच्या लेखात समजून घेऊ.

कफ साचतो कसा?

निरोगी माणसाच्या श्वासनलिकांतही रोज थोडा कफ तयार होतच असतो. श्वासाबरोबर आत गेलेली धूळ, धूर व जंतू त्याला चिकटतात. नलिकांच्या आतल्या अस्तरावर अतिशय बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात आणि हा चिकट थर हळूहळू वर, घशाकडे ढकलत राहतात. आपण तो नकळत गिळून टाकतो. हे काम दिवसरात्र चालू असते, आपल्याला पत्ताही लागत नाही.

क्षय, न्यूमोनिया, लहानपणचा गोवर किंवा डांग्या खोकला यांसारख्या आजारांत काही वेळा नलिकांच्या भिंती कायमच्या दुखावतात. नलिका सैल पडून रुंदावतात. शेतातला पाट जागोजागी खचला की पाणी पुढे न सरकता डबक्यासारखे साचते, तसा या नलिकांत कफ साचतो. याला डॉक्टरी भाषेत 'ब्रॉन्किएक्टॅसिस' म्हणतात. मराठीत श्वासनलिका-विस्तार म्हणता येईल. स्टेथोस्कोपचा शोध लावणारे फ्रान्सचे डॉ. लेनेक यांनी १८१९ साली या विकाराचे वर्णन केले होते. म्हणजे आजार नवा नाही.

डबक्यात जसे डास होतात, तसे साचलेल्या कफात जंतू वाढतात. जंतूंमुळे सूज येते, सुजेमुळे भिंती आणखी दुखावतात, मग कफ आणखी साचतो. लंडनचे डॉ. पीटर कोल यांनी १९८०च्या दशकात याला 'दुष्टचक्र' म्हटले. हे चक्र ज्या ठिकाणी रुग्णाला स्वतःच्या हाताने अडवता येते, ते ठिकाण म्हणजे कफ बाहेर काढणे. बाकी औषधे डॉक्टर देतील, पण हे काम रुग्णाचेच.

आपल्याकडे हा आजार का दिसतो?

भारतातल्या ३१ केंद्रांतील २१९५ रुग्णांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यात सर्वांत मोठे कारण निघाले ते जुना क्षय. शंभरातल्या सुमारे ३५ रुग्णांना क्षय होऊन गेलेला होता. क्षय बरा झाला तरी तो जाताना फुफ्फुसात खुणा ठेवून जातो, त्याचा हा परिणाम.

खान्देशात यात आणखी भर पडते. कापसाच्या हंगामात जिनिंगमधली धूळ आहे. डाळमिलमधला भुसा आहे. कपाशीच्या पऱ्हाट्या व तुराट्या जाळून केलेला स्वयंपाक आहे. भरताची वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली की चव येते हे मलाही मान्य, पण भाजणाऱ्या बाईच्या छातीत किती धूर जातो, हे भरीत खाणाऱ्यांनी पाहिलेले नसते. आणि विडी आहेच. यातून अनेकांना सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा विकार होतो. त्यातही ज्यांना रोज कफ पडतो, त्यांना पुढे सांगितलेली पद्धत उपयोगी पडते.

येथे एक इशारा. कफ पडतो आणि एक्स-रेत डाग दिसतो, एवढ्यावरून पुन्हा क्षयाच्या गोळ्या सुरू करू नका. जुन्या क्षयाचे डाग एक्स-रेत जन्मभर राहू शकतात. क्षय परतला आहे की नाही हे थुंकीच्या तपासणीवरून, विशेषतः सीबीनॅट व जंतूंच्या कल्चर तपासणीवरून ठरवावे लागते. सरकारी रुग्णालयात क्षयाची तपासणी मोफत होते. उलट, वजन घटू लागले, संध्याकाळी ताप येऊ लागला, तर "ते तर जुनेच" म्हणून घरी थांबूही नका. दोन्ही बाजूंनी तपासणी हाच मार्ग.

बसून राहिल्याने काय होते?

दम लागतो म्हणून माणूस चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू दुबळे होतात. दुबळ्या स्नायूंना तेच काम करायला जास्त हवा लागते. म्हणजे महिन्यापूर्वी ओट्यापर्यंत जाताना जेवढा दम लागत होता, तेवढा आता मोरीपर्यंत जाताना लागतो. आजार तेवढाच असतो, माणूस मात्र खाटेला जवळ होत जातो.

चालताना श्वास खोल जातो, हवेचा वेग वाढतो, आणि नलिकांना चिकटलेला कफ सुटायला मदत होते. म्हणूनच चालल्यावर खोकला येतो. घरचे त्याला त्रास समजतात. कफ सुटून बाहेर येण्यासाठी आलेला खोकला उपयोगाचा असतो. माझे एक जुने रुग्ण हे आपल्या अहिराणीत सांगतात, "थोडं चालनू का छातीमा मोकळं वाटस." याहून सोप्या शब्दांत मलाही सांगता येणार नाही.

मात्र नुसते चालणे पुरेसे नाही. चालण्याने कफ सैल होतो, तो बाहेर काढण्याची रीत वेगळी शिकावी लागते. दोन्ही बैलांनी ओढले तरच गाडी नीट चालते.

कफ काढण्याची रीत

कफाचा निचरा व्हावा म्हणून शरीराची स्थिती बदलण्याचा उपाय लंडनचे डॉ. विल्यम युअर्ट यांनी १९०१ साली मांडला. पुढे त्याला श्वासाच्या व्यायामांची जोड मिळाली. आज जगभर शिकवली जाणारी रीत बिनखर्चाची आहे आणि खुर्चीवर बसून करता येते. पहिल्यांदा मात्र ती फिजिओथेरपिस्टकडून समोर बसून शिकून घ्यावी. जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत याची चौकशी करावी.

१) शांत श्वास. पाठीला आधार देऊन बसा. खांदे सैल सोडा. एक हात पोटावर ठेवा. नाकाने हळू श्वास घ्या, पोट थोडे पुढे यावे. मग अलगद सोडा. असे अर्धा ते एक मिनिट करा.

२) खोल श्वास. आता तीन-चार खोल श्वास घ्या. प्रत्येक श्वास आत घेतल्यावर मनात तीन आकडे मोजेपर्यंत थांबा, मग जोर न लावता सोडा. थांबण्याचे कारण असे की, हवा आडवाटेने कफाच्या मागे जाऊन पोचते आणि त्याला मागून ढकलते.

३) पुन्हा शांत श्वास. हा टप्पा गाळू नका. गाळला तर छाती आवळते व दम लागतो.

४) हाफ. चष्म्याची काच पुसण्यापूर्वी आपण तोंड उघडून तिच्यावर "हाऽऽ" करून वाफ सोडतो, तसेच थोड्या जोराने करायचे. घसा मोकळा हवा, पोटाचे स्नायू आत ओढले जावेत. आधी मध्यम श्वास घेऊन लांब हाफ करा, त्याने खोलवरचा कफ वर सरकतो. कफ वर आल्याची घरघर जाणवली की मोठा श्वास घेऊन आखूड, जोरदार हाफ करा आणि एकदा-दोनदा खोकून कफ बाहेर टाका. एका वेळी दोनपेक्षा जास्त हाफ नकोत. मग पुन्हा शांत श्वास.

हे चारही टप्पे मिळून एक फेरी झाली. दहा ते वीस मिनिटे अशा फेऱ्या कराव्यात. लागोपाठ दोन फेऱ्यांत हाफ कोरडा निघाला, किंवा थकवा आला, की थांबावे. रोज कफ पडणाऱ्याने दिवसातून दोनदा, सकाळी उठल्यावर व संध्याकाळी करावे. जेवणानंतर लगेच करू नये, ओकारी होते. झोपण्याच्या अगदी आधीही नको, कारण सुटलेला कफ रात्री झोपू देत नाही.

लोक सहसा चूक करतात ती जोरजोरात, चेहरा लाल होईपर्यंत खोकण्याची. त्याने नलिका मिटतात, कफ तिथेच अडकतो, आणि माणूस दमतो. हाफ नीट जमला की खोकला निम्म्याने कमी लागतो.

कोणत्या कुशीवर झोपून हे करायचे, ते आजार फुफ्फुसाच्या कोणत्या भागात आहे यावर ठरते. क्षय बहुधा वरच्या भागात होतो, आणि वरच्या भागाचा निचरा ताठ बसल्यानेच होतो. म्हणजे खाटेवर आडवे पडून राहण्याचे तोटे किती, ते ध्यानात येईल. खालच्या भागात आजार असेल तर एका कुशीवर झोपावे लागते. डोके खाली व पाय वर ही जुनी स्थिती मात्र रक्तदाब, हृदयविकार, आम्लपित्त असणाऱ्यांनी किंवा थुंकीत रक्त येणाऱ्यांनी करू नये.

पंप म्हणजे इन्हेलर चालू असेल तर क्रम लक्षात ठेवा. नलिका मोकळ्या करणारा पंप आधी, मग कफ काढणे, आणि स्टेरॉईडचा पंप वेगळा असेल तर तो शेवटी. स्टेरॉईडच्या पंपानंतर चूळ भरावी. मिठाच्या पाण्याची वाफ यंत्रातून घेण्याचा उपाय चांगला आहे, पण काहींची छाती त्याने आवळते, म्हणून पहिला डोस डॉक्टरांसमोरच घ्यावा. खोकला दाबणारी औषधे मनाने घेऊ नयेत. साचलेला कफ आतच ठेवून काय मिळवायचे?

चालायचे किती?

पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे पुरे. अंगणात चाला, ओट्यावर चाला, मारुतीच्या देवळाला प्रदक्षिणा घाला. दर तीन-चार दिवसांनी एक-दोन मिनिटे वाढवा. आठवड्यातून पाच दिवस, वीस ते तीस मिनिटे, हे उद्दिष्ट ठेवा. गाठायला दोन महिने लागले तरी हरकत नाही.

वेग किती? चालता चालता सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा. दोन पावलांत नाकाने श्वास घ्या, पुढच्या चार पावलांत, ओठ शीळ घातल्यासारखे करून सोडा. दम लागला तर भिंतीला टेका किंवा पारावर बसून हाताची कोपरे गुडघ्यांवर टेकवा. दम बसला की पुन्हा उठा. थांबून थांबून चालणे यात कमीपणा काही नाही.

पायांबरोबर हातांनाही काम द्या. पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या हातात धरून दहा वेळा वर-खाली कराव्यात. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस करावी. केस विंचरताना, धुणे वाळत घालताना दम लागतो तो याने कमी होतो.

याला पुरावा काय, असे कोणी विचारेल. ऑस्ट्रेलियात श्वासनलिका-विस्ताराच्या ८५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. काहींना आठ आठवडे देखरेखीखाली व्यायाम व कफ काढण्याची रीत दिली. त्यांचे चालण्याचे अंतर वाढले, आणि पुढच्या वर्षभरात आजार उसळण्याचे प्रसंगही कमी झाले. पण वाढलेले अंतर वर्षअखेर टिकले नाही. यातला धडा आपण घ्यावा : व्यायामाचे पुण्य साठवून ठेवता येत नाही, रोज कमवावे लागते.

रावेरकडच्या एका केळी-बागायतदाराचे उदाहरण सांगतो. दोन महिन्यांत ते ओट्यापासून बागेपर्यंत चालू लागले. बेडकाही निम्म्यावर आला. मग घरात लग्न निघाले. "आता बरे वाटते" म्हणून तीन आठवडे कफ काढणे आणि चालणे दोन्ही बंद. चौथ्या आठवड्यात ताप, हिरवा बेडका आणि दवाखान्यात आठ दिवस. त्यांनी आळस केला असे मी म्हणणार नाही. बरे वाटल्यावर औषध सोडावे, ही आपल्या सर्वांचीच समजूत. या आजारात ती लागू पडत नाही. दात दुखत नसले तरी आपण दात घासतो ना? तसेच हे.

खान्देशातले ऋतू

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा चालणे पहाटे साडेपाच ते सात या वेळेतच उरकावे. मेहरूण तलावाकाठी किंवा पांझरेच्या काठी त्या वेळी हवा बरी असते. उन्हाळ्यात पाणी कमी पडले की कफ गोंदासारखा चिकट होतो. दिवसभरात दोन-अडीच लिटर पाणी घ्यावे, ताक, लिंबू-सरबत चालेल. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

हिवाळ्यात सातपुड्याच्या बाजूला पहाटे थंडी बोचते, धुरकट धुकेही असते. ऊन पडल्यावर, नाकातोंडावर उपरणे किंवा मफलर घेऊन निघावे. दिवाळीच्या सुमारास फटाक्यांचा धूर आणि कापसाची आवक एकदमच येतात. त्या दिवसांत घरातच चालावे, कफ काढणे मात्र वाढवावे. जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांनी साध्या रुमालापेक्षा धूळ अडवणारा चांगला मास्क वापरावा. सुटीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळत असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे. पावसाळ्यात चिखलात पाय घसरण्यापेक्षा ओसरीवर फेऱ्या माराव्यात.

काही जण विचारतात, चैत्रात सप्तशृंगी गडाला पायी जाऊ का? ऊन, धूळ आणि रोजची लांब मजल हे तिन्ही एकत्र येतात, म्हणून कफाच्या रुग्णाला मी पूर्ण पायी वारीची परवानगी देत नाही. वाहनाने जावे, गडावर चढायला आता ट्रॉली आहे. देवीपुढे उभे राहून चार प्रदक्षिणा घालता याव्यात एवढी तयारी मात्र दोन महिने आधी सुरू करावी.

घरच्यांसाठी दोन शब्द

या आजारात शरीरापेक्षा संकोचच माणसाला जास्त घरात बसवतो. धुळ्याच्या एका शिक्षिकेने मला सांगितले, वर्गात खोकला आला की मुले बघतात, म्हणून त्या कफ गिळत, आणि संध्याकाळचे फिरणे त्यांनी कधीच सोडले होते. "पुन्हा क्षय झाला वाटतं" असे कुजबुजणारे शेजारी सगळीकडे असतात. बरा झालेला क्षय पसरत नाही. थुंकीत जंतू नाहीत अशा माणसाचे ताट-वाटी वेगळे करण्याचे काही कारण नाही.

घरच्यांनी त्याला सकाळी पंधरा मिनिटे एक शांत जागा आणि झाकणाचा डबा द्यावा. कफ त्यात टाकून, डब्यात थोडे जंतुनाशक घालून, मग संडासात टाकावा. रस्त्यावर कोणीच थुंकू नये, निरोगी माणसानेही. आणि "तू बस, मी करते" हे प्रेमाने म्हटलेले वाक्य दिवसातून एखादे वेळी मागे घ्यावे. पाण्याचा तांब्या त्याचा त्याला उठून घेऊ द्यावा. घरात धूर नसावा, विडी तर कोणाचीच नसावी. जेवणात डाळ, शेंगदाणे, दूध, चालत असेल तर अंडी वाढवावीत, कारण वजन घटले की श्वासाचे स्नायूही घटतात. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी.

केव्हा थांबावे?

पुढीलपैकी काहीही झाले तर व्यायाम बंद करून डॉक्टरांकडे जावे.

— थुंकीत रक्त आले तर. नुसती रेघ असली तरी दाखवावे. चमचाभर किंवा त्याहून जास्त ताजे रक्त आले तर थेट मोठे रुग्णालय गाठावे.
— कफ अचानक वाढला, हिरवा किंवा दुर्गंधी झाला, सोबत ताप आला तर.
— चालताना छातीत दुखले, चक्कर आली, ओठ निळसर झाले, किंवा दहा मिनिटे बसूनही दम बसला नाही तर.
— कोरोनाच्या साथीत घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिजन-यंत्र असेल, आणि त्यात आकडा ९०च्या खाली राहू लागला तर.

ताप व जोर ओसरल्यावर पुन्हा पाच मिनिटांपासून सुरुवात करावी. आधी तीस मिनिटे चालत होतो, म्हणून लगेच तीस मिनिटे नको.

रोजचा क्रम असा ठेवता येईल : सकाळी उठल्यावर कोमट पाणी, मग पंप, मग पंधरा मिनिटे कफ काढणे, मग चालणे, मग चहा-नाश्ता. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा कफ काढणे. कॅलेंडरवर दर दिवशी दोन खुणा कराव्यात, एक कफाची, एक चालण्याची. पुढच्या तपासणीला येताना एक्स-रेबरोबर ते कॅलेंडरही डॉक्टरांना दाखवा. औषध किती लागू पडले हे ठरवताना मला त्याचा फार उपयोग होतो.